2002 ची पोर्शे बॉक्स्टर ताशी 110 किमीच्या पुढे मागून डोलते. मोठा स्पॉयलर, लोअरिंग स्प्रिंगा की रुंद टायर, आधी काय करू?

तिन्हीतलं एकही नको. हीच यादी आमच्या दाजींनी माझ्यासमोर धरली होती, गाडीही हीच, 986, म्हणजे पहिल्या पिढीची बॉक्स्टर. म्हणून एवढं लिहायला बसलोय.

दाजी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी. गाडी बेंगळुरूहून सेकंडहँड आणली, रंग बघून. येताना तवंदी घाट उतरून निपाणी मागे टाकली, सरळ रस्त्यावर पाय दाबला, तर मागचा भाग डोलायला लागला. त्यांचं निदान तिथंच ठरलं: नाक हलकंय. इंजिन सीटच्या मागे, पुढे फक्त डिकी आणि पेट्रोलची टाकी, त्यामुळे म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. टाकी रिकामी होत आली की या गाडीचं नाक हलकं वाटतंच. पण उपाय काय, तर पुढच्या डिकीत गुळाचा तीस किलोचा रवा! उन्हात तो पाघळला, कार्पेटला मुंग्या लागल्या, आणि दाजी गावभर सांगत फिरले की गाडी आता रस्त्याला बसली. बसली कसली, लक्षण थोडं झाकलं.

मग एका अ‍ॅक्सेसरीवाल्याने त्यांना लोअरिंग स्प्रिंगा विकल्या. गाडी दिसायला नाद खुळा, पण प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासायला लागली आणि डोलणं वाढलं. वाढणारच. गाडी खाली बसली की चाकांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही हलतात, आणि स्प्रिंगा टाकल्यावर त्या माणसाने फक्त पुढच्या चाकांचं अलाइनमेंट करून बिल फाडलं होतं. इथली अडचण समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा असतो, त्यात फिरवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे मशीनवरच्या पोराला मागची चाकं बघायची सवयच नसते. बॉक्स्टरला मागेही प्रत्येक चाकाला वेगळा स्ट्रट (स्प्रिंग-शॉकची जोडी) आहे, आणि टो व कॅम्बर दोन्ही सेट होतात.

शेवटी दाजी उद्यमनगरात माझ्या टर्निंग शॉपला, म्हणजे लेथच्या कारखान्यात आले. कशाला, तर चाकं बाहेरच्या बाजूला सरकवायला स्पेसर (चाकामागच्या चकत्या) वळून दे म्हणून. मी म्हटलं, आधी गाडी मापू. चार स्टँड लावले, दोन्ही बाजूंनी गाडीला समांतर दोरा ताणला आणि स्टीलची फूटपट्टी घेऊन बसलो. दाजी चहा घेत उभे. ‘पाव्हणं, दोऱ्यानं पोर्शे मापायला लागला व्हय?’ मागच्या डाव्या चाकाला रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर मागच्या कडेपेक्षा दोन मिलिमीटरहून जास्त कमी भरलं. म्हणजे टो-आउट, चाकाचं तोंड बाहेर. मागच्या चाकाला थोडा टो-इन, म्हणजे तोंड आत, लागतो. तो उलटा झाला की प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक वाऱ्याच्या झोताला ते चाक गाडीला आपल्या दिशेने ओढतं, आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी तरंगते. शिवाय एकाच बाजूचा टो बिघडला की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं.

मग टायरवरून हात फिरवायला लावला. आतून बाहेर आणला तर गुळगुळीत, बाहेरून आत नेला तर प्रत्येक ब्लॉकची कड बोटाला लागत होती. आतल्या कडेला तर रबर संपून तारा दिसायच्या बेतात. उभ्याने बघाल तर टायर नवा वाटेल. तुम्हीही गाडीखाली वाकून हे आधी करा, फुकट आहे. साइडवॉलवरचे चार आकडेही वाचा: 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीचं ट्रेड शिल्लक राहतं, पण रबर कडक होऊन जातं. सहा वर्षांपुढचा टायर मी वेगासाठी धरत नाही, भले किती का खोल दिसेना.

बदलताना रुंद घेऊ नका. 17 इंची चाकं असतील तर पुढे 205/50, मागे 255/40, चारही एकाच मेकचे. हवा गार टायरमध्ये पुढे 29 psi, मागे 36. पंपावरचा पोरगा चारही चाकांत 35 मारतो; त्याला तोंडाने सांगावं लागतं.

मी स्वतः पीयू (पॉलियुरेथेन) बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यातल्या गाद्या, वळून विकतो, तरी सांगतो, रस्त्यावरच्या गाडीला मूळ रबरच बरं. खालचे आर्म, ज्यांना बॉक्स्टरवाले कॉफिन आर्म म्हणतात, त्यांचे बुश आणि बॉल जॉइंट आता वीस वर्षांहून जुने असतील. खड्ड्यात खटखट आवाज येत असेल तर अलाइनमेंटला पैसे घालण्याआधी ते बदला. आणि मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहा: बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. गाडी हवेत असताना आवळले तर खाली उतरवल्यावर रबर कायम पीळ घेऊन बसतं आणि लवकर फाटतं.

स्पॉयलरचं म्हणाल तर तुमच्या गाडीला तो आहेच. 120 ला आपोआप वर येतो, 80 ला खाली बसतो. येतो का बघा, फ्यूज पॅनेलमध्ये तो हाताने उचलायचं बटणही आहे. दाजी इथं नेहमी ऑडी टीटीचा दाखला देतात. 1998 ला आलेल्या पहिल्या टीटीचे ऑटोबानवर वेगात अपघात झाले आणि कंपनीने मागे छोटा स्पॉयलर लावून दिला, हे खरं. पण त्याच वेळी कंपनीने अँटी-रोल बार, विशबोन आणि शॉकही बदलले आणि ईएसपी (घसरती गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) दिलं, हे दाजी सोयीने गाळतात.

टो सरळ केला, टायर मूळ साइजचे घातले, आणि गाडी गप्प झाली. दाजींचं म्हणणं, स्प्रिंगा सेट व्हायला वेळ लागतो, त्या आता सेट झाल्या.

तुमची गाडी मी पाहिलेली नाही, हेही लक्षात घ्या. एका ठरावीक वेगालाच स्टीअरिंग थरथरत असेल तर ते बॅलन्सिंग. वळणावर घूं घूं असा आवाज वाढत असेल तर बेअरिंग, आणि ते आधी. गाडी पुरात उभी होती का तेही विचारा. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, त्या पाण्यातून निघालेल्या गाड्या कुठे कुठे विकल्या गेल्या असतील कोण जाणे. आणि आपल्या चौपदरी हायवेवर कारला मर्यादा 100 ची, त्यात कागल-सातारा सहापदरीकरणाची डायव्हर्जन. 110 च्या पुढचं काय तपासायचं असेल ते कोइमतूरला करी स्पीडवेच्या रेस ट्रॅकवर जाऊन तपासा.

आधी चारही चाकांचं अलाइनमेंट करून छापील रिपोर्ट मागा, अगदी काही न बदलता. मागचे आकडे लाल, म्हणजे मर्यादेबाहेर आले तर फोटो इथं टाका. दाजींना दाखवायचाय.