इंटरनॅशनल स्कूलमध्ये नवीन आहे. कोणत्या वर्कशॉपला जावं, की सगळा सर्टिफिकेटचाच खेळ असतो?

तुम्ही लिहिलंय की बरीच वर्षं नेहमीच्या बोर्डाच्या शाळेत विज्ञान शिकवून यंदा तुम्ही आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत आलात. एमवायपीचे, म्हणजे आयबीच्या मिडल इयर्स प्रोग्रामचे, वर्ग मिळालेत, कोऑर्डिनेटरनी वर्कशॉप्सची लांबलचक यादी पाठवून ‘यातली दोन निवडा’ म्हटलंय, आणि स्टाफरूममधली जुनी मंडळी सांगतायत की कुठलंही घ्या, हातात शेवटी सर्टिफिकेटच येतं. स्टाफरूमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मीही विज्ञानच शिकवते आणि आमच्या शाळेत कोणी कुठल्या वर्कशॉपला जायचं याची आखणी माझ्याकडे असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. जिथे मुलांनी खरोखर लिहिलेली कामं टेबलावर येतात आणि चारचौघांत बसून तपासली जातात, ते वर्कशॉप घ्या. नाव कितीही रुक्ष असू दे. ‘भविष्यातला वर्ग’, ‘सर्जनशील शिक्षक’ असली नावं आकर्षक असतात, पण तिथून परतल्यावर सोमवारी सकाळी वर्गात नेमकं काय बदलायचं ते बहुतेक वेळा कळत नाही.

आता ती यादी वाचायची कशी ते सांगते. आयबीची वर्कशॉप्स तीन कॅटेगरींत असतात. कॅटेगरी १ त्या प्रोग्रामला नवीन असलेल्यांसाठी. कॅटेगरी २ शिकवायला सुरुवात केलेल्यांसाठी, त्यात अध्यापन आणि मूल्यमापन यांवर भर असतो. कॅटेगरी ३ एखाद्या विषयात खोलवर जाण्यासाठी. बरेच जण ही शिडी समजतात आणि ३ म्हणजे मोठा मान असं धरून चालतात. तसं काही नाही, १ आणि २ न करताही कॅटेगरी ३ करता येतं. शाळेला आयबीची मान्यता घेताना, आणि नंतर दर पाच वर्षांच्या मूल्यमापनातही, शिक्षकांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. त्यामुळे तुमचं पहिलं वर्कशॉप, म्हणजे एमवायपी सायन्सचं कॅटेगरी १, निवडण्याचा प्रश्नच येत नाही, ते करावंच लागेल. करा. आयबीचं गाइड, म्हणजे विषयाची अधिकृत पुस्तिका, कसं वाचायचं, युनिट प्लॅनरमध्ये (पाठ आखायच्या तक्त्यात) कुठल्या रकान्यात काय अपेक्षित आहे, हे तिथे कळतं. खरी निवड दुसऱ्या वर्कशॉपची आहे.

केंब्रिज या दुसऱ्या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या शाळांत मांडणी थोडी वेगळी असते, पण सुरुवातीचं प्रशिक्षण आणि पुढचं प्रशिक्षण हा फरक तिथेही आहेच. त्यांच्या पीडीक्यू (प्रोफेशनल डेव्हलपमेंट क्वालिफिकेशन्स) नावाच्या शिक्षकांसाठीच्या पात्रता मात्र दोन-तीन दिवसांत उरकत नाहीत. आपल्याच वर्गातल्या कामाचे पुरावे गोळा करून पोर्टफोलिओ द्यावा लागतो. दमवणारं काम आहे, पण पुढे कधी शाळा बदललीत तर विचार करण्यासारखं.

तपासणीचं वर्कशॉप इतकं का सुचवतेय, ते एका उदाहरणानं सांगते. एमवायपी सायन्समध्ये मूल्यमापनाचे ठरलेले निकष, म्हणजे क्रायटेरियन, असतात. त्यातला क्रायटेरियन बी म्हणजे मुलानं प्रयोगाची आखणी करायची. गुण नाहीत, ० ते ८ अशा पातळ्या. मी गेले होते त्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांना एकाच मुलाच्या कामाची झेरॉक्स दिली होती. प्रयोग साधा: पाण्याचं तापमान बदललं तर गोळी विरघळायला लागणारा वेळ कसा बदलतो. मुलानं अंदाज बांधला होता आणि कारणही दिलं होतं, गरम पाण्यात कण जास्त वेगानं हलतात म्हणून. तापमान बदलणार, वेळ मोजणार, हे लिहिलं होतं. पाणी प्रत्येक वेळी किती घेणार ते नव्हतं. ढवळणार की नाही, तेही नव्हतं. प्रत्येक तापमानाला वाचन, म्हणजे मोजमाप, एकच.

प्रत्येकानं आपली पातळी चिकट चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी उलटी चिकटवली. सगळ्या एकदम सुलट केल्या तर ३ पासून ७ पर्यंत सगळे आकडे! खोलीत बसलेले सगळे अनुभवी शिक्षक. ७ देणाऱ्या बाई म्हणाल्या, मुलानं शास्त्रीय कारण दिलंय, आणखी काय हवं? ३ देणारे सर म्हणाले, पाणीसुद्धा मोजून घ्यायचं सुचलं नाही त्याला, याला आखणी म्हणायचं? दोघांचंही एका परीनं बरोबर होतं, कारण दोघं आपापल्या जुन्या सवयीनं एकेका गोष्टीला वजन देत होते. क्रायटेरियनमध्ये मात्र समस्या, गृहीतक, चलं आणि माहिती, कृती असे वेगवेगळे धागे आहेत आणि पातळी ठरते ती ‘बेस्ट फिट’नं, म्हणजे एकूण कामाला सगळ्यात जास्त जुळणारं वर्णन बघून. एक चूक दिसली की एक गुण कापायचा ही आपली नेहमीची रीत तिथे चालत नाही. प्रत्येक पातळीचं वर्णन मोठ्यानं वाचून मुलाच्या ओळीशेजारी ठेवत गेलो. गृहीतकाचा भाग वरच्या पट्टीत बसत होता, माहिती गोळा करण्याचा भाग खालच्या. बऱ्याच वादानंतर ५ वर एकमत झालं.

पण जास्त कामाची गोष्ट त्यानंतर घडली. कुणीतरी म्हणालं, मुलाला दिलेला टास्क शीट बघू या. तो काढला. त्यात ‘किती वेळा वाचन घेशील आणि का’ हा प्रश्नच नव्हता. काय स्थिर ठेवायचं याबद्दलही अक्षर नाही. मुलाला विचारलंच नव्हतं, मग तो लिहिणार कुठून? त्या दुपारी सगळ्यांनी आपापले टास्क शीट उघडले आणि निम्मा वेळ ते दुरुस्त करण्यातच गेला. हे आयतं सोमवारी वर्गात नेता येतं. व्याख्यान ऐकून असं हाताला काही लागत नाही.

तुमच्या बाबतीत तर याची गरज जास्त आहे. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेची आदर्श उत्तरं हाताशी असतात, मुद्दा आला की गुण. त्या पद्धतीत तयार झालेला हात क्रायटेरियनवर आधारित तपासणीला सुरुवातीला हमखास अडखळतो, आणि हा गुंता एकट्यानं गाइड वाचून सुटत नाही. दुसऱ्या चार माणसांशी वाद घालूनच सुटतो.

कुठल्या वर्कशॉपमध्ये असं काम होतं ते जाहिरातीवरून कळत नाही. सरळ आयोजकांना मेल टाका: ‘आमच्या विद्यार्थ्यांचं काम सोबत आणायचं का? त्यावर किती वेळ दिला जाईल?’ उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं बघा. आणायला सांगितलं तर उत्तम, मधलं आणि गोंधळात टाकणारं अशी तीन कामं घेऊन जा, मुलांची नावं झाकून. सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते गोंधळात टाकणाऱ्यावर.

जाण्याआधी आयबीच्या प्रोग्राम रिसोर्स सेंटर या वेबसाइटवर तुमच्या विषयाचं टीचर सपोर्ट मटेरियल उघडून बघा, तुमच्या शाळेचं लॉगिन असतंच. त्यात मूल्यमापन केलेले नमुने आणि त्यावरचे शेरे असतात. शेरे झाकून आधी स्वतः पातळी द्या. केंब्रिजवाल्यांना असंच साहित्य त्यांच्या स्कूल सपोर्ट हब या वेबसाइटवर मिळतं. एवढं करून गेलात तर पहिला दिवस ओळखीपाळखीत आणि संक्षेपांचे अर्थ लावण्यात जात नाही.

ऑनलाइन की प्रत्यक्ष, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. कॅटेगरी १ शक्य असेल तर प्रत्यक्ष करा, कारण त्यात ऐकायचं आणि विचारायचं खूप असतं, आणि जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांकडून जे कळतं ते कुठल्याच पीडीएफमध्ये नसतं. दुसरं मात्र मी ऑनलाइन सुचवेन. ती वर्कशॉप्स काही आठवडे चालतात, सगळे आपापल्या वेळेनुसार लिहीत असतात. रात्री जेवणं उरकून चर्चेत पोस्ट टाकायचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण मधल्या आठवड्यात वर्गात एखादी गोष्ट करून बघता येते आणि पुढच्या आठवड्यात ‘हे असं फसलं’ म्हणून तिथे मांडता येते. सलग तीन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये ही सोय नाही.

संशोधनही साधारण याच दिशेनं बोलतं. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये शिक्षकांच्या कोचिंगवरच्या (म्हणजे कुणीतरी वर्गात येऊन बघून नियमित मार्गदर्शन करण्यावरच्या) ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गातलं शिकवणं जवळपास अर्ध्या प्रमाण विचलनानं (स्टँडर्ड डेव्हिएशन, परिणाम मोजायचं संख्याशास्त्रातलं माप), ०.४९ नं, सुधारलेलं दिसलं. मुलांच्या निकालावरचा परिणाम लहान, ०.१८, पण होता. मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या कार्यक्रमांत हा परिणाम कमी होतो असंही त्यांना आढळलं. म्हणजे वर्कशॉपनंतर कुणीतरी तुमच्या वर्गात येऊन बसणं, बघणं, बोलणं याला किंमत आहे. म्हणून मी आमच्या शिक्षकांना फॉर्म भरतानाच विचारते: परत आल्यावर तुझा तास बघायला कोण येणार? नाव लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तुमच्या शाळेत असा नियम नसेल तर तुम्हीच एखाद्या सहकाऱ्याला गाठा. वरिष्ठ असायला हवा असं नाही, उलट नसलेलाच बरा.

एक गोष्ट टाळाच. ‘तुमच्या वर्गातली मुलं व्हिज्युअल (बघून शिकणारी), ऑडिटरी (ऐकून) की कायनेस्थेटिक (हालचालीतून) ते ओळखा आणि तसं शिकवा’ असं सांगणारं वर्कशॉप यादीत असेल तर त्यावर वेळ घालवू नका. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचं संशोधन तपासलं, आणि मुलांची अशी विभागणी करून शिकवण्याचा फायदा होतो याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. तरीही हे खूळ काही जात नाही. फीडबॅक फॉर्ममध्ये पाचपैकी पाच मिळतात, कारण दिवस मजेत जातो आणि प्रश्नावली भरायला सगळ्यांनाच आवडतं.

थिंकिंग रूटीन्सबद्दल, म्हणजे वर्गात विचार करायला लावणाऱ्या ठरलेल्या छोट्या पायऱ्यांबद्दल, तुम्ही वेगळं विचारलंय. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झीरोचं, म्हणजे १९६७ पासून चालू असलेल्या संशोधन गटाचं, ते काम आहे आणि चांगलं आहे. आधी बघा, मग त्यावर विचार मांडा, मग काय प्रश्न पडतो ते विचारा, एवढ्या साध्या पायऱ्यांनी गप्प बसणारी मुलंही बोलती होतात. पण बरीचशी रूटीन्स त्यांच्या वेबसाइटवर मोफत आहेत. एक निवडा आणि महिनाभर तेवढंच वापरा. यासाठी यादीतली एक जागा खर्ची घालू नका.

दोन-तीन वर्षांनी हात बसला की परीक्षक होण्यासाठी अर्ज करा. आयबी आणि केंब्रिज दोघंही शिकवणाऱ्यांतून परीक्षक घेतात आणि मानधनही देतात. अनुभवाच्या अटी बघून घ्या. आयबीमध्ये परीक्षकाला आधी सरावाच्या उत्तरपत्रिका तपासून पात्र व्हावं लागतं. नंतर खऱ्या तपासणीतही मधूनमधून ‘सीड’ येतात, म्हणजे ज्यांचे गुण वरिष्ठांनी आधीच ठरवलेत अशा उत्तरपत्रिका. समोरची सीड आहे की साधी, ते कळत नाही. ठरावीक फरकापेक्षा जास्त चुकलात तर तपासणी थांबते. इतकं कडक आणि इतकं तातडीचं मार्गदर्शन कुठल्याच वर्कशॉपमध्ये मिळत नाही. दोन सत्रं तपासून आलेला शिक्षक आपल्या वर्गातली मुलांची उत्तरं वेगळ्याच नजरेनं वाचायला लागतो, हे मी आमच्याच स्टाफमध्ये बघितलंय.

व्यवहाराचं राहिलंच. फी शाळा भरणार की तुम्ही, प्रवास आणि राहण्याचं काय, ते लेखी घ्या. काही शाळा बाँडवर सही घेतात: वर्कशॉपनंतर अमुक काळ नोकरी सोडायची नाही, सोडली तर खर्च परत. कॅटेगरी १ शाळेला स्वतःच्या मान्यतेसाठी हवं असतं, तेव्हा त्यासाठी बाँड मागितला तर नम्रपणे का म्हणून विचारा. दुसऱ्यासाठी मागितला तर मुदत वाचा, आणि जितके महिने काम केलं तितकी परतफेडीची रक्कम कमी होत जाते की नाही, एवढं बघूनच सही करा.