स्टील वूल वाढवण्याआधी कचेला चुंबक लावून बघा

भेग पाडलेला डांबरी ठोकळा मायक्रोवेव्हमध्ये तापवला, पहिल्यांदा छान जुळला, तिसऱ्या वेळी निम्मीही ताकद परत आली नाही, मग मिक्समधलं स्टील वूल (ठोकळा तापावा म्हणून डांबरात मिसळलेले पोलादाचे बारीक तंतू) वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. वाढवू नका, उलट कमी करा.

नाशिकमध्ये रस्त्याचा माल तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. आपली खडी म्हणजे काळा बेसॉल्ट. क्रशरची कच कागदावर पसरा आणि खालून चुंबक फिरवा, काळे कण मागोमाग सरकतील. त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं, आणि ते मायक्रोवेव्ह चांगलं शोषतं. डांबर स्वतः फारसं शोषत नाही. म्हणजे तापवणारा घटक आपल्या मिक्समध्ये आधीच आहे. चुनखडीच्या खडीवर ठरलेलं वूलचं प्रमाण इथे जसंच्या तसं उचलू नका. वूलशिवायचा ठोकळा तापवून पाहिलात का? तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, मला तीच मोठी उणीव वाटते.

नेदरलँड्समध्ये २०१० साली ए-५८ महामार्गावर स्टील वूल घातलेला थर टाकला, पण तो इंडक्शनने, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने, तापवायचा होता. तिथे धातू लागतोच. मायक्रोवेव्हचं तसं नाही.

वूल जास्त झालं की गोळे होतात. गोळ्यापाशी डांबर करपतं, थोडं पलीकडे गारच राहतं. भेग बुजते ती डांबर वाहून आत ओढलं गेल्यावर. व्हीजी-३० या रस्त्याच्या डांबराचा मृदुता बिंदू, म्हणजे मऊ पडण्याचं तापमान, किमान ४७ अंश, त्याच्या बरंच वर जावं लागतं. फार वर नेलं तर डांबर खडीवरून निथळतं आणि ऑक्सिडेशनने कडक होतं. तिसऱ्या वेळची घट मला यातलीच वाटते. ८५ अंशांवर थांबा. पॉवर कमी ठेवा, मध्ये थांबत तापवा. वरचा पृष्ठभाग मोजून उपयोग नाही. आधीच पाडलेल्या छिद्रात, बाहेर काढल्याबरोबर तापमापकाचा प्रोब घाला.

ठोकळा मोकळा ठेवू नका, कोरड्या वाळूत बसवा. रस्त्यात बाजूचा थर त्याला धरून असतो, मोकळा ठोकळा मात्र फुगतो आणि पोकळ्या वाढतात. पाण्याच्या करवतीने कापला असेल तर आधी पंख्याखाली नीट वाळवा, नाहीतर उष्णता पाणी उकळण्यातच जाते.

प्रत्यक्ष रस्त्यावर हे करायचं तर एप्रिल-मेमध्ये, भेगा केसाएवढ्या असतानाच. पावसाळ्यात चिखल आत बसला की डांबर डांबराला चिकटणार कसं?

वूलशिवायच्या ठोकळ्याचे आकडे आले की इथे टाका, पॉवर आणि आतलं तापमान दोन्ही.