उरणच्या नव्या गॅस प्रकल्पाच्या भरवशावर मुलीची शाखा ठरवावी का?

पत्र

मी उरण तालुक्यातील एका गावात राहतो आणि कंटेनर यार्डात सुपरवायझर म्हणून काम करतो. माझ्या वडिलांच्या काळात आमची भातशेती बोकडवीरा येथील वायू विद्युत केंद्रासाठी, म्हणजे आमच्याकडच्या बोलण्यातल्या जीटीपीएससाठी, संपादित झाली. त्याचा प्रकल्पग्रस्त दाखला घरात आहे, पण त्याचा लाभ अजून कोणी घेतलेला नाही. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून सीईटीतही तिला चांगले गुण आहेत. तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घ्यायची आहे. जीटीपीएसचा विस्तार होऊन नवा गॅस प्रकल्प उभा राहणार, अशी चर्चा गावात पुन्हा सुरू झाली आहे. माझे मोठे बंधू म्हणतात की चार वर्षे पदवीत घालवण्यापेक्षा तिला आयटीआय करून तिथेच अप्रेंटिस लावावे, म्हणजे नवा प्रकल्प सुरू होताच ती कायम होईल. आम्ही इतर मागास प्रवर्गातील आहोत आणि उत्पन्न बेताचे आहे. काय करावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि प्रवेशफेऱ्यांचे दिवस हातातून निसटू नयेत म्हणून ते मी सुरुवातीलाच सांगते. आपल्या बंधूंचा सल्ला आपुलकीचा आहे. ज्या जमिनीवर आपले भात पिकत होते, त्या जमिनीवरच्या कारखान्यात घरातल्या एका मुलीला कायमची जागा मिळावी, ही अपेक्षा रास्तच आहे. माझा आक्षेप त्या अपेक्षेला नाही. जो प्रकल्प अजून उभा राहिलेला नाही, त्याच्या वेळापत्रकाला मुलीचे शिक्षण बांधण्याला मात्र माझा विरोध आहे.

बोकडवीऱ्याचे केंद्र तत्कालीन महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९८२ मध्ये सुरू केले आणि आज ते महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे एकमेव वायू आधारित केंद्र आहे. सुरुवातीचे ६० मेगावॅटचे संच निवृत्त झाले. आता १०८ मेगावॅटचे चार गॅस टर्बाइन आणि त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर पाण्याची वाफ करून चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच, अशी ६७२ मेगावॅटची क्षमता तेथे आहे. या पद्धतीला संयुक्त चक्र म्हणतात. एकदा जाळलेल्या वायूची उष्णता चिमणीतून वाया न घालवता तिच्यापासून दुसऱ्यांदा वीज काढायची, हे तिचे मर्म आहे. नुसता गॅस टर्बाइन इंधनातील ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडी अधिक ऊर्जा विजेत उतरवतो, तर नव्या संयुक्त चक्र संचांनी साठ टक्क्यांची मर्यादाही ओलांडली आहे. आपल्या मुलीला विजेइतकीच यंत्रांचीही ओढ असेल, तर हा विषय तिला आयुष्यभर पुरेल.

पण यंत्र कितीही उत्तम असले तरी ते चालवायला वायू हवा, आणि उरणचे दुखणे नेमके तेथेच आहे. ढोबळ हिशेब करायचा तर संयुक्त चक्रात एक घनमीटर नैसर्गिक वायूपासून सुमारे पाच युनिट वीज मिळते. ६७२ मेगावॅटचे केंद्र चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालवले तर दिवसाला सुमारे एक कोटी साठ लाख युनिट वीज तयार होईल आणि त्यासाठी बत्तीस लाख घनमीटरांच्या आसपास वायू जाळावा लागेल. एवढा वायू उरणला अनेक वर्षे सलग मिळालेला नाही, त्यामुळे उभ्या असलेल्या क्षमतेचाही मोठा भाग वापराविना राहतो. गावातली चर्चा ज्या विस्ताराची आहे तो १,२२० मेगावॅटचा बेत काल-परवाचा नाही. तो कित्येक वर्षांपासून कागदावर आहे आणि वायूअभावी अडला आहे. नवे टर्बाइन अधिक कार्यक्षम असतील असे धरले तरी त्याला दररोज आणखी पन्नास लाख घनमीटरांच्या घरात वायू लागेल. मुंबई हायचा वायू आपल्या तालुक्यातच किनाऱ्याला लागतो हे खरे, पण स्वस्त देशी वायू कोणाला द्यायचा हे केंद्र सरकारचे वाटप धोरण ठरवते, आणि त्यात घरगुती पाइपलाइनचा वायू व वाहनांचा सीएनजी यांना अग्रक्रम आहे. उरतो तो परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर त्याचे दर इतके भडकले, की त्या भावाची वीज विकत घेणे कोणत्याही वितरण कंपनीला परवडण्यासारखे नव्हते.

कोकणाला हा धडा नवा नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळचा वीज प्रकल्प आपल्या पिढीने पाहिला आहे. १९९३ मध्ये करार झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर सुरू झाला आणि २००१ मध्ये दर व थकबाकीच्या वादात तो बंद पडला. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांनी तो पुन्हा उभा केला. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राचा वायू मिळाला तोवर तो चालला, आणि त्या क्षेत्राचे उत्पादन घसरताच २०१३ च्या सुमारास पुन्हा थंडावला. पुढे २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी त्याचा काही भाग सुरू झाला. जवळजवळ दोन हजार मेगावॅटची यंत्रसामग्री, आणि तिची अशी परवड. त्या काळात देशभरातील २४ हजार मेगावॅटच्या वायू आधारित क्षमतेपैकी १४ हजार मेगावॅटहून अधिक क्षमतेला देशी वायू मिळतच नव्हता. गुहागर परिसरातील ज्या तरुणांनी त्या एकाच फाटकाकडे डोळे लावले, त्यांची ऐन उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली. ते आठवले की आपल्या बंधूंच्या सल्ल्याला होकार देण्याचा धीर मला होत नाही.

याचा अर्थ नवा गॅस प्रकल्प होणारच नाही असा नाही, आणि तसे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. राज्यात सौरऊर्जा झपाट्याने वाढत आहे. सूर्य मावळल्यावर घराघरांतील दिवे, पंखे आणि एसी एकदम सुरू होतात, तेव्हा झटकन वीज देणारे काहीतरी हवेच असते. कोळशाचा थंड संच चालू व्हायला कित्येक तास घेतो, तर गॅस टर्बाइन अर्ध्या तासाच्या आत भार उचलू शकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वायू आधारित केंद्रांना मे आणि जून महिन्यांत वीजनिर्मितीसाठी सज्ज राहण्याचे आदेश दिले होते, ते याच गरजेपोटी. मात्र त्याच गरजेसाठी बॅटरी साठवण आणि उदंचन जलविद्युत (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज काढणे) हे पर्यायही आता स्पर्धेत उतरले आहेत. आपल्याच जिल्ह्यात, कर्जतजवळच्या भिवपुरी येथे, टाटा पॉवरने १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प योजला आहे. तेव्हा गावातल्या चर्चेवर किंवा एखाद्या भूमिपूजनाच्या बातमीवर विसंबू नका. दीर्घ मुदतीचा वायूपुरवठा करार झाला का, वीज नियामक आयोगाने त्या विजेच्या खरेदीला मान्यता दिली का, आणि टर्बाइनची ऑर्डर प्रत्यक्ष गेली का, एवढे पाहा. ही तिन्ही कामे उद्या झाली असे धरले तरी अमेरिकेतील डेटा सेंटरांच्या विजेच्या भुकेमुळे मोठ्या टर्बाइन निर्मात्यांकडे सध्या पुढच्या काही वर्षांच्या ऑर्डर नोंदलेल्या आहेत, आणि यंत्र हाती आल्यावर उभारणीला दोन-तीन वर्षे सहज लागतात. म्हणजे सर्व काही सुरळीत पार पडले तरी आपली मुलगी पदवीधर होण्याआधी तो प्रकल्प वीज देऊ लागणार नाही. पदवी घेतल्याने ती संधी हुकणार नाही; उलट अभियंता होऊनच ती तेथे पोहोचेल.

आता नोकऱ्यांविषयी. उभारणीच्या काळात फिटर, वेल्डर, रिगर आणि गवंडी अशा शेकडो लोकांना काम मिळते, पण ते ठेकेदाराकडचे असते आणि उभारणीबरोबर संपते. चालू केंद्राला माणसे थोडी लागतात. कोळशाच्या केंद्रात कोळसा उतरवणे, दळणे आणि राख हलवणे या कामांवरच मोठा कर्मचारीवर्ग असतो. गॅस केंद्रात ही कामेच नसतात. परदेशातील काही नवी संयुक्त चक्र केंद्रे तर अवघ्या काही डझन कायम माणसांवर चालतात. जी माणसे लागतात ती कंट्रोल रूममध्ये बसून टर्बाइनचे तापमान, कंपने आणि भार यांवर नजर ठेवणारी, संच ट्रिप झाला तर कारण शोधणारी आणि ओव्हरहॉलच्या वेळी दुर्बिणीसारखी नळी आत घालून पाती तपासणारी, अशी शिकलेली असतात.

अप्रेंटिसशिपबाबत एक गैरसमज मला फार घरांत आढळतो. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ नुसार प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर उमेदवाराला कायम नोकरी देण्याचे सरसकट बंधन मालकावर नाही. त्या वर्षभरात हात तयार होतो, प्रमाणपत्र मिळते आणि ते उपयोगी आहेच, पण कायम भरती जाहिरात, परीक्षा आणि गुणवत्ता यादी याच मार्गाने होते. मुलीचे मन पुस्तकात रमत नसते किंवा घरात उद्यापासून पगार येणे भाग असते, तर मी स्वतः आयटीआय सुचवले असते. त्या शिक्षणात काहीही कमी नाही. परंतु चांगले गुण असलेली आणि स्वतःहून इलेक्ट्रिकल मागणारी मुलगी समोर असताना तिला त्या वाटेवर वळवणे मला योग्य वाटत नाही.

इलेक्ट्रिकलच का, मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशन का नको, असे आपण विचाराल. गॅस केंद्राला तिन्ही लागतात. टर्बाइनचा देह मेकॅनिकलचा, मोजमाप आणि नियंत्रण इन्स्ट्रुमेंटेशनचे, जनित्र, रोहित्र, स्विचयार्ड आणि संरक्षक रिले इलेक्ट्रिकलचे. तरीही मी इलेक्ट्रिकलकडे झुकते, कारण ही पदवी महानिर्मितीबरोबरच वीज वाहून नेणारी महापारेषण आणि ती घरोघरी पोहोचवणारी महावितरण यांच्या भरतीलाही चालते, आणि वीज गॅसपासून तयार होवो, सूर्यापासून होवो की पाण्यापासून, ती वाहून नेण्याचे काम थांबत नाही. राज्यातील कोणता संच किती चालवायचा हे ठरवणारे भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. तेथेही याच शाखेचे अभियंते बसतात. पदवीनंतरच्या गेट या राष्ट्रीय परीक्षेत गुण चांगले आले तर एनटीपीसी, पॉवरग्रिड आणि गेल यांसारख्या केंद्र सरकारच्या कंपन्यांचाही विचार करता येतो. शिवाय आपल्या जिल्ह्यात वायू वापरणारे एवढे उद्योग आहेत की हे ज्ञान बोकडवीऱ्याबाहेरही उपयोगी पडेल: थळचा खत कारखाना, उसरचा गेलचा प्रकल्प, नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल, डोलवीचा पोलाद कारखाना. तिसऱ्या वर्षी निवडीचे विषय घेताना तिने वीजप्रणाली संरक्षण आणि औद्योगिक नियंत्रण हे विषय घ्यावेत, आणि उन्हाळी प्रशिक्षणासाठी प्रथम जीटीपीएसकडेच अर्ज करावा. चालत्या टर्बाइनजवळ उभे राहून घेतलेला महिनाभराचा अनुभव मुलाखतीत लगेच ओळखू येतो. पुढे औष्णिक क्षेत्रातच राहायचे ठरले, तर राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे आणि तिचे केंद्र नागपूरलाही आहे.

एक गोष्ट मात्र मुलीशी आताच मोकळेपणाने बोला. वीज केंद्र चोवीस तास चालते, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये तिन्ही पाळ्या आलटून पालटून कराव्या लागतात, आणि रात्रीची पाळी संपवून सकाळी घरी येणाऱ्या मुलीला दिवसा झोपू देणारे घरही लागते. ज्या घरांनी हे आधी मान्य केले, त्यांच्या मुली या क्षेत्रात टिकल्या. ज्यांनी नोकरी लागल्यावर कुरबुर सुरू केली, त्यांच्यापैकी काहींनी राजीनामे दिले, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. निर्णय तिच्या वतीने घेऊ नका, तिच्यासोबत घ्या.

आता दाखल्याविषयी. शासकीय भरतीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण असते आणि महिलांना तीस टक्के. प्रकल्पग्रस्त दाखल्याचा नोकरीसाठीचा लाभ कुटुंबातील एकाच नामनिर्देशित व्यक्तीला मिळतो. म्हणून तो एखाद्या तात्पुरत्या किंवा खालच्या पदासाठी घाईने खर्च करू नका. अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील पुनर्वसन शाखेत जाऊन तो सध्या कोणाच्या नावे आहे, मुलीच्या नावे हस्तांतर करण्यासाठी कोणाकोणाची संमती लागेल, हे लेखी विचारून घ्या. बंधूंच्या मुलांचाही त्यावर तेवढाच हक्क असेल, तर ही बोलणी आज शांतपणे झालेली बरी.

खर्चाची चिंता आपण पत्रात सूचित केली आहे. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागास प्रवर्गातील मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला आहे. वसतिगृह आणि जेवण यांचा खर्च मात्र धरून चालावे लागेल. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना गुण पुरत असतील तर मुंबईचे व्हीजेटीआय आणि पुण्याचे सीओईपी वर ठेवा, पण लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ यादीत अवश्य असू द्या. ते आपल्याच जिल्ह्यात आहे. जातवैधता प्रमाणपत्र नसेल तर जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला नसेल तर सेतू केंद्रात या आठवड्यातच अर्ज करा, कारण गुण असूनही केवळ वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्यामुळे खुल्या जागेवर पूर्ण शुल्क भरावे लागलेल्या मुली मी दरवर्षी पाहते.