नॉटिंगहॅमच्या म्युझियममध्ये खरंच भूत आहे का?

प्रश्न : ताई, माझी लेक इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला शिकायला आहे, तिथल्या नॅशनल जस्टिस म्युझियममध्ये भुतं दिसतात म्हणतात, मैत्रिणी रात्रीच्या घोस्ट टूरला चल म्हणतायत. जाऊ द्यावं का?
– एक आई, सातारा

उत्तर : अहो जाऊ द्या की, पण दिवसाही एकदा जायला सांगा. ही इमारत म्हणजे जुना शायर हॉल, वर कोर्ट आणि खाली जेल, म्हणजे शिक्षा झाली की माणूस जिना उतरून थेट कोठडीत. जेल 1878 मध्ये बंद झालं, कोर्ट मात्र पुढे बरीच वर्षं चालू होतं आणि 1995 ला म्युझियम झालं. खालच्या गुहा वाळूच्या दगडात खोदलेल्या, अंधाऱ्या आणि थंडगार, तिथे पावलांचे आवाज येतात, सावल्या दिसतात असं लोक सांगतात, मला स्वतःला वाटतं अशा जागी साधा आवाज घुमला तरी अंगावर काटा येणारच.

पण मला भुतापेक्षा 1844 ची गोष्ट जास्त हलवते. बायको-मुलांचा खून करणाऱ्या विल्यम सॅव्हिलला याच इमारतीसमोरच्या पायऱ्यांवर जाहीर फाशी दिली, ती बघायला एवढी तोबा गर्दी झाली की नंतरच्या चेंगराचेंगरीत डझनभर माणसं गेली, बघायला आलेली साधी माणसं हो! लेकीला म्हणावं आत जायच्या आधी त्या पायऱ्यांवर जरा थांब. आणि दर्शनी भिंतीवर कोरलेला जेलसाठीचा जुना इंग्रजी शब्दही नीट बघ, कारागिराने आधी स्पेलिंग चुकवलं होतं, दुरुस्तीच्या खुणा अजून दिसतात.