न्यू जर्सीत मुलीचा प्रॉम (शाळा संपतानाची नटूनथटून जायची नाचाची पार्टी) जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. ड्रेस कधी घ्यावा, दुकानातून, ऑनलाइन की भारतातून लेहंगा मागवावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीत आहे, जानेवारी संपत आलाय आणि घरात तीन मतं आहेत: तिला गाऊन हवाय, तुम्हाला ऑनलाइन स्वस्त दिसतंय आणि आजीला वाटतंय पुण्याहून लेहंगा शिवून पाठवावा. तिन्ही जमण्यासारखं आहे. प्रत्येकाला लागणारा वेळ मात्र वेगळा, म्हणून आधी प्रॉमच्या तारखेपासून मागे मोजत या.

ड्रेस विकत घेतला की काम निम्मंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं अल्टरेशनचं, आणि सगळी धावपळ तिथेच होते. एप्रिल-मेमध्ये प्रॉम आणि लग्नं एकत्र येतात, चांगल्या शिंप्यांकडे वेळ मिळत नाही. त्यात मेचे पहिले दोन आठवडे एपी (शाळेतच दिल्या जाणाऱ्या कॉलेज पातळीच्या) परीक्षांचे. म्हणून पहिलं फिटिंग एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसरं परीक्षा संपल्यावर 20 मेच्या आसपास, आणि ड्रेस घरी प्रॉमच्या निदान आठवडाभर आधी. याचा अर्थ ड्रेस एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात हवा. दुकानातून ऑर्डर देऊन मागवलेला गाऊन यायला आठ ते बारा आठवडे सहज लागतात, कधी जास्तही. तसा हवा असेल तर ऑर्डर आता, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्या आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत येईल ना, हे आधी विचारून घ्या. दुकानात टांगलेला तयार ड्रेस घेणार असाल तर मार्चअखेरपर्यंत सवड आहे.

खरेदीआधी शाळेचे नियम वाचा. काही शाळा उघडी पाठ, कमरेजवळचे कट किंवा मांडीपर्यंतची चीर चालवून घेत नाहीत, आणि ते दारात कळून उपयोग नाही.

आता माप. जीन्सचा साइज विसरून जा. प्रॉमच्या गाऊनचे साइज लहान चालतात. रोज 4 घालणाऱ्या मुलीला गाऊन 8 चा बसणं अगदी नेहमीचं आहे. आकड्याचं वाईट वाटून घेऊ नका, आतलं लेबल कुणी वाचत नाही. त्या ब्रँडचा तक्ता उघडा आणि टेपने मोजा. छाती, जी ब्रा घालायची आहे तीच घालून, सर्वांत भरलेल्या जागी. कंबर, बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते तिथे. नितंब, कमरेखाली साधारण 7 ते 9 इंचांवर, जिथे सर्वांत रुंद. आणि गळ्याच्या खोलगट भागापासून जमिनीपर्यंतची उंची, चपला घालून. तिन्ही घेर तक्त्यात एकाच ओळीत क्वचितच बसतात. ज्या मापाला सर्वांत मोठा साइज लागतो, तोच घ्यायचा.

कारण साधं आहे. आवळणं सोपं, सैल करणं शिलाईत सोडलेल्या मायेवर, म्हणजे आतल्या जादा कापडावर अवलंबून. तयार गाऊनमध्ये माया बहुधा अर्ध्या इंचाचीच असते. त्यातली प्रत्येक कडेची पाव इंच वापरली तर दोन्ही बाजूंच्या शिलायांच्या चार कडा मिळून एकूण एक इंच मिळतो, बस. शिवाय सॅटिनवर उसवलेल्या शिलाईची भोकं तशीच दिसत राहतात. फारच घट्ट झाला तर मागची चेन काढून तिथे आतून कापडाची पट्टी आणि बाहेरून दोरी ओवायची पाठ करता येते. काम महाग आहे, पण ड्रेस वाचतो. आणि एक गोष्ट ठामपणे सांगेन: "तोवर बारीक होईन" या हिशेबाने एक साइज लहान घेऊ देऊ नका. परीक्षांच्या दिवसांत त्या वयाच्या मुलीने जेवण कमी करावं अशी कुठलीच गरज नाही. आज जे शरीर आहे त्याच्या मापाचा ड्रेस घ्या.

दुकानात आरशासमोर नुसतं उभं राहून पसंत करू नका. खुर्चीत पाच मिनिटं बसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, पायरी चढायला सांगा, नाचायला सांगा. मर्मेड आकार गुडघ्यापर्यंत घट्ट असतो. फोटोत सुंदर दिसतो, पण गाडीत चढताना आणि नाचताना पाऊल पडत नाही. ए-लाइन, म्हणजे कमरेखाली हळूहळू पसरत जाणारा आकार, बहुतेक मुलींना बसते आणि अल्टर करायलाही सोपी. टिकल्यांचा ड्रेस असेल तर काखेत हात लावून बघा. मुंढ्यापाशी टिकल्या बोचत असतील तर दोन तासांत कातडी लाल होते; तिथे आतून मऊ अस्तराची पट्टी लावून घ्यावी लागते. पातळ सॅटिनवर घाम आणि चुण्या दोन्ही दिसतात, जूनमध्ये हे लक्षात ठेवा. क्रेप आणि शिफॉन त्या मानाने सोशिक.

बिनपट्ट्यांचा गाऊन निवडला तर सगळ्यांची एकच तक्रार असते, तो खाली सरकतो. मग मुलगी रात्रभर काखेत बोटं घालून तो वर ओढत बसते. याचा उपाय छातीशी घट्ट करण्यात नाही. तसं केलं की कडेला मांस वर येतं, श्वास अडतो आणि ड्रेस तरीही उतरतो, कारण सगळं वजन छातीवरच राहतं. ते वजन कमरेवर यायला हवं. त्यासाठी ड्रेसच्या आत, कमरेच्या रेषेवर, इंचभर रुंदीची न ताणली जाणारी ग्रोसग्रेन (बारीक आडव्या रेघांची जाड) रिबीन लावतात. ती बाजूच्या शिलायांना आणि वरचा भाग ताठ ठेवणाऱ्या आतल्या काड्यांना टाचलेली असते, चेनपाशी मात्र मोकळी, आणि मागे दोन हुकांनी बंद होते. लांबी कमरेच्या मापापेक्षा अर्धा इंच कमी. घालताना आधी ही रिबीन लावायची, मग चेन ओढायची. वरचा भाग रिबिनीवर उभा राहतो आणि चेनवरचा ताणही कमी होतो. अनेक महागड्या गाऊनमध्येही ती नसते, शिंप्याला सांगून लावून घ्या. काम छोटं आहे, फरक मोठा.

उंचीची दुमड सर्वांत शेवटी, आणि चपलांशिवाय कधीच नाही. ज्या घालायच्या त्याच चपला पहिल्या फिटिंगला न्यायच्या. पुढची कड जमिनीपासून अर्धा ते एक इंच वर हवी, नाहीतर पहिल्याच गाण्याला पाय अडकतो. इथे एक गोष्ट हमखास घडते. चार इंची टाचांवर दुमड बेतलेली असते, तासाभरात मुली टाचा काढून ठेवतात आणि ड्रेस फरशी पुसायला लागतो. दोन इंचांची रुंद टाच घ्या, रात्रभर पायात राहील. ट्यूलचे (पातळ जाळीच्या कापडाचे) थर असतील तर प्रत्येक थर वेगळा कापावा लागतो. खालच्या कडेला मण्यांची किंवा लेसची नक्षी असेल तर ती काढून वर पुन्हा टाकावी लागते, किंवा उंची कमरेतून कमी करावी लागते. साध्या गाऊनला साधारण 50 ते 100 डॉलर, नक्षीवाल्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट धरून चाला. हा खर्च ड्रेसच्या किमतीत आधीच मिळवा. 250 चा ड्रेस आणि 200 चं अल्टरेशन असा हिशेब अनेकांना शेवटी कळतो.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. शेरी हिल, जोवानी अशा नामवंत ब्रँडच्या गाऊनचे फोटो चोरून नव्वद डॉलरला विकणाऱ्या साइट भरपूर आहेत. येतं ते वेगळ्याच कापडाचं. ब्रँडच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, ती बघा. परत करण्याची मुदत प्रॉमच्या खूप आधी संपते, म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी घालून बघा आणि टॅग कापू नका. उलट प्रॉमच्या दुकानांत बहुधा विकलेला माल परत घेत नाहीत, पण ती शाळेचं नाव लिहून ठेवतात आणि त्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलीला तोच ड्रेस विकत नाहीत. मुलींना ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, तेव्हा विचारून घ्या.

आजीचा लेहंगा. मला हा पर्याय मनापासून आवडतो, पण मुलीला हवा असेल तरच. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मापं पाठवा आणि एप्रिलच्या सुरुवातीला इथे पोचेल असं बघा. उंची नाडी जिथे बांधणार तिथपासून जमिनीपर्यंत, चपला घालून मोजा. ब्लाउजचं माप अंगावरून घेण्याऐवजी तिला नीट बसणारा एखादा ब्लाउज सपाट ठेवून मोजून पाठवा, आणि दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच माया सोडायला सांगा. नुसत्या नाडीवर जड घेर पाच तास राहिला की कंबर काचते. रुंद पट्टा, बाजूला चेन आणि नाडी, असं तिन्ही सांगा. लग्नातला भरजरी लेहंगा नाचायला जड पडतो; जरीकाम काठापुरतं ठेवा. कॅनकॅनच्या (घेर फुलवणाऱ्या कडक जाळीच्या) आत सुती अस्तर हवंच. ओढणी खांद्यावर आणि कमरेत टाक्यांनी पक्की करून घ्या, पिनांवर विसंबू नका. पार्सलवर कर लागेल हेही धरा: 800 डॉलरच्या आतल्या मालाला असलेली सवलत 29 ऑगस्ट 2025 पासून बंद आहे.

जुनी पैठणी कापून गाऊन शिवायचा विचार असेल तर आधी ती उजेडासमोर धरून बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या घडीवरच विरतं, आणि अंगाबरोबर बसणाऱ्या भागात ताण आला की नेमकं तिथे फाटतं. घड्यांवर उजेड झिरपत असेल तर कापू नका. पदर ओढणी म्हणून वापरा, साडी अख्खी राहते.

शेवटच्या आठवड्यात ड्रेस उंच टांगून आतल्या बाजूने वाफ द्या. टिकल्यांवर इस्त्री अजिबात नको, त्या वितळतात. चेन बहुधा कमरेच्या जाड शिलाईपाशी अडकते; तिथे मेणबत्ती हलकेच घासून ठेवा. पर्समध्ये चार सेफ्टी पिना, त्याच रंगाचा दोरा ओवलेली सुई आणि दुतोंडी चिकटपट्टी. मनगटावरची फुलं आठवडा-दोन आठवडे आधी सांगा आणि रंगासाठी दुमडीतून निघालेला कापडाचा तुकडा फुलवाल्याला दाखवा. तो तुकडा शिंप्याकडून मागून घ्यावा लागतो.

गाडीचंही आत्ताच ठरवा. न्यू जर्सीत प्रोबेशनरी (नवशिक्या चालकांचं, बंधनं असलेलं) लायसन्स असलेल्या मुलांना रात्री 11:01 ते पहाटे 5 गाडी चालवता येत नाही, आणि सोबत पालक नसतील तर एकच प्रवासी नेता येतो. म्हणजे मैत्रिणींनी मिळून एकीच्या गाडीने परतायचा बेत कायद्यातच बसत नाही. पालकांनी वाटून घ्या, किंवा सगळ्यांत मिळून गाडी ठरवा. मे-जूनच्या शनिवारच्या गाड्या मार्चमध्येच संपायला लागतात.