घाटरस्ता आणि मागची सीट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पती आणि मी येत्या काही महिन्यांत मोटारसायकलवरून नऊ-दहा दिवसांचा डोंगराळ प्रवास करणार आहोत. याआधीच्या एका छोट्या सहलीत उतारावर मी सारखी पुढे सरकत होते, माझे हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आदळत होते आणि वळणावर गाडी कलली की भीतीने मी नकळत उलट्या बाजूला झुकत होते. “तू फक्त शांत बस,” एवढेच ते म्हणतात. मागे बसणाऱ्याने नेमके काय करायचे असते?

उत्तर : “शांत बस” हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण मागे बसलेली व्यक्ती म्हणजे सीटला बांधलेले सामान नव्हे, तिच्या प्रत्येक हालचालीचा गाडीच्या तोलावर परिणाम होतो. ठरावीक वेगाने ठरावीक वळण घ्यायचे, तर गाडी आणि दोघांची शरीरे मिळून किती कलायला हवे हे ठरलेले असते. आपण भीतीने उलट्या बाजूला झुकलात, तर ती उणीव भरून काढण्यासाठी गाडीला आणखी कलावे लागते, म्हणजे ज्याची धास्ती वाटते तेच वाढते. वळण ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या, पतींच्या खांद्यावरून पुढच्या रस्त्याकडे पाहत राहावे. नजर वळणाकडे गेली की शरीर आपोआप गाडीबरोबर कलते, मुद्दाम झुकावे लागत नाही.

पुढे सरकणे थांबवण्याची जबाबदारी हातांपेक्षा पायांवर टाकावी. तळवे पायदानावर घट्ट रोवून गुडघ्यांनी पतींच्या कमरेला दोन्ही बाजूंनी हलका आधार घ्यावा आणि उतारावर एक हात मागच्या दांडीला ठेवावा. दोन्ही हात त्यांच्या कमरेभोवती असले, तर ब्रेक लागताच आपले सगळे वजन त्यांच्या मनगटांवर येते आणि हँडल जड होते.

हेल्मेटवर हेल्मेट आदळते, त्याचा दोष मात्र बहुतेक वेळा पुढच्याचा असतो. ॲक्सिलरेटर एकदम सोडला, क्लच झटक्याने सोडला किंवा वळणाच्या अगदी तोंडाशी येऊन ब्रेक दाबला की मागचे डोके पुढे येणारच. वळणाआधीच वेग कमी करावा, गिअरही आधीच बदलावा आणि वळणात गाडी सावकाश ओढती ठेवावी, म्हणजे टकटक थांबेल. निघण्यापूर्वी पूर्ण सामानासह दोघांनी एखाद्या मोकळ्या मैदानात तासभर सराव करावा, असा माझा आग्रह आहे. एकट्याने चालवताना गाडी जेवढ्या अंतरात थांबते, तेवढ्याच अंतरात जोडीनेही थांबेल असे गृहीत धरू नये. मागच्या स्प्रिंगचा ताण आणि टायरमधील हवा दोन माणसांच्या वजनाला साजेशी करावी. हे आकडे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. मागे वजन वाढल्यामुळे पुढच्या दिव्याचा झोत वर जातो, तोही खाली आणून घ्यावा.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पत्नीसह एक लांबलचक घाट उतरताना मी मागचा ब्रेक सतत थोडासा दाबून ठेवला होता. पाचव्या-सहाव्या वळणानंतर तिने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि काहीतरी जळल्याचा वास येत असल्याचे सांगितले. मला वास जाणवला नव्हता. पुढच्या वळणाआधी पाय टेकवला, तर पेडल मऊ होऊन जवळजवळ तळापर्यंत गेले. पुढच्या ब्रेकने आणि खालच्या गिअरने गाडी थांबली. अर्धा तास आम्ही कठड्याजवळ बसून होतो आणि डिस्कमधून उष्णतेच्या झळा येत होत्या. अशा वेळी तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती वाकडी होऊ शकते. आपोआप थंड होऊ द्यावी.

यामागचे कारण साधे आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा शिरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दोन वर्षे झाली असल्यास निघण्यापूर्वी ऑइल बदलून घ्यावे. उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये यावे आणि वेग इंजिनाच्या ओढीने रोखावा. ब्रेक लागेल तेव्हा दोन्ही नीट दाबावेत आणि मग पूर्ण सोडावेत. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून घाट कधीही उतरू नये.

प्रश्न : उंचीवर गेल्यावर आमची गाडी दोघांना ओढेनाशी होते. इंजिनात बिघाड आहे का? आणि आम्हाला स्वतःला काय जपावे लागेल?

उत्तर : बहुधा बिघाड नसावा. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ७० टक्केच उरतो. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि ढोबळमानाने दर १,००० मीटरला सुमारे दहा टक्के ताकद घटते. इंजेक्शनची गाडी पेट्रोलचे प्रमाण स्वतः जुळवून घेते. कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होते, गाडी अडखळते आणि प्लग काळा पडतो. एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा, चढावर एक गिअर खाली चालवावे आणि क्लच अर्धवट दाबून गाडी रेटू नये.

माणसांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे अशी लक्षणे असताना आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ जाणवला किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर वेळ न दवडता खाली उतरावे आणि डॉक्टरांना गाठावे. त्रास होणाऱ्याला स्वतःला तो पुष्कळदा उमगत नाही, म्हणून दर थांब्यावर दोघांनी एकमेकांना दोन-चार वाक्ये बोलायला लावावीत. थंडीचाही हिशेब हवा : दर १,००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, शिवाय धावत्या गाडीवर वारा अंगातली ऊब काढून घेतो. बोटे बधिर झालेल्या हाताने ब्रेक वेळेवर दाबला जात नाही.

प्रश्न : दिवसाला किती अंतर ठरवावे आणि मुक्काम कुठे करावा?

उत्तर : डोंगरात अंतर तासांत मोजावे. गाडीवर पाच तास पुरेत आणि थांबे मागे बसणाऱ्याच्या सोयीने ठरवावेत, कारण पुढच्याचे लक्ष रस्त्यात गुंतलेले असते आणि मागच्याची पाठ आधी भरून येते. मुक्काम लहान गावात असेल, तर अंधार पडण्यापूर्वी तासभर आधी पोहोचावे. टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरून घ्यावे, पुढच्या गावात मिळेलच असे समजू नये. तिथला मेकॅनिक पंक्चर काढून देईल, पण आपल्या गाडीची क्लच केबल किंवा ब्रेकचा लिव्हर त्याच्याकडे असेलच असे नाही. ते आपल्याजवळ ठेवावेत.

लहान गावात मुक्कामाची जागा बऱ्याचदा उतारावर असते. आधी मागच्या व्यक्तीने उतरावे, मग गाडीचे तोंड चढाकडे करून ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि साइड स्टँड मातीत रुतत असल्यास त्याखाली चपटा दगड सरकवावा. हे दगड सरकवण्याचे काम खाली उतरलेल्या व्यक्तीनेच केलेले बरे, कारण तोपर्यंत पुढच्याचे दोन्ही हात गाडी सावरण्यात अडकलेले असतात.