बुरशी मुळाशी आधी पोहोचायला हवी

प्रश्न : टोमॅटोची झाडे फुलोऱ्यात येताच सुकू लागली. बुंधा उभा चिरल्यावर आत तपकिरी रेषा दिसल्या. कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केली (द्रावण मुळाशी ओतले), दोन दिवसांनी ट्रायकोडर्मा या मित्रबुरशीची पावडरही दिली, तरी मर थांबली नाही. पावडर निकृष्ट असेल का?

उत्तर : पावडरीला दोष देण्याआधी एक साधी परीक्षा करावी. सुकू लागलेल्या झाडाच्या बुंध्याचा तुकडा कापून त्याचे टोक काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात स्थिर धरावे. काही मिनिटांत दुधासारखी पांढरट धार खाली उतरू लागली, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे आणि ट्रायकोडर्माकडून तो आटोक्यात येण्याची अपेक्षा ठेवू नये. धार दिसली नाही, तर फ्युजेरियमचा संशय बळावतो. ही बुरशी मुळातून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत बस्तान मांडते. ट्रायकोडर्माचे मुख्य काम मात्र मुळाभोवतीच्या मातीत आणि मुळाच्या वरच्या थरांत चालते. तेथे ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, त्यांची भित्तिका विरघळवणारी विकरे सोडते, अन्न आणि जागा आधीच बळकावते व झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. रोगजंतू नलिकांत पोहोचून पाने मलूल झाल्यावर वरून कितीही आळवणी केली, तरी ती तेथवर पोहोचत नाही.

दुसरी अडचण क्रमाची आहे. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्मालाही मारते आणि मातीत आठवडेच्या आठवडे टिकू शकते, त्यामुळे दोन दिवसांचे अंतर हे अंतरच नव्हे. रासायनिक बुरशीनाशक द्यायचेच असेल, तर ते मित्रबुरशीशी जुळते का, हे दोन्हींच्या वेष्टनावर पाहून मगच ठरवावे.

पुढच्या लागवडीत सुरुवात बियाण्यापासून करा. बीजप्रक्रिया, रोपवाटिकेच्या वाफ्यात मिसळणे आणि पुनर्लागवडीच्या वेळी रोपांची मुळे द्रावणात बुडवणे, या तिन्हींमुळे बुरशी शत्रूच्या आधी मुळाशी पोहोचते. शेतासाठी सुमारे १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात १ किलो पावडर मिसळून, हाताने दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतका ओलावा ठेवून, ढीग सावलीत झाकून ठेवावा आणि अधूनमधून खालीवर करावा. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यावर पांढरी, मग हिरवट वाढ दिसू लागते. ते खत वाफसा (जमीन ओलसर, पण चिखल नाही अशी स्थिती) असताना मुळांच्या पट्ट्यात द्यावे. सेंद्रिय पदार्थ नसलेल्या कोरड्या, तापलेल्या जमिनीत नुसती पावडर फेकणे म्हणजे पैसे मातीत घालणेच होय. अर्ध्या कच्च्या शेणखताचा ढीग आतून तापतो, म्हणून ते यासाठी वापरू नये.

प्रश्न : मायकोरायझा ही मुळांशी सहजीवन करणारी बुरशीही शेणखतात अशीच वाढवता येईल का?

उत्तर : नाही. पिकांसाठी विकल्या जाणाऱ्या मायकोरायझा बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाहीत. ढिगात दिसणारे पांढरे धागे दुसऱ्याच कुठल्यातरी बुरशीचे असतात. मुळातील मायकोरायझा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. म्हणून ती थेट बियाण्याखाली किंवा रोपाच्या मुळांना लागेल अशी द्यावी. स्फुरद (फॉस्फरस) भरपूर दिलेल्या जमिनीत झाड या बुरशीला फारसा थारा देत नाही. कोबी, फ्लॉवर, मोहरी आणि पालक, बीट या पिकांशी तर तिचे सहसा जुळतच नाही, तेव्हा तेथे खर्च करू नये.

प्रश्न : भेंडीच्या मुळांवर गाठी आहेत आणि शेजारच्याच पट्ट्यात हुमणीही (मुळे कुरतडणारी अळी) निघाली. दोन्हींवर एकच बुरशी चालेल का?

उत्तर : शत्रू वेगळे, म्हणून बुरशीही वेगळी. भेंडी द्विदल कडधान्य नसल्याने या गाठी सूत्रकृमींच्याच (मातीतील अतिसूक्ष्म कृमींच्या) असण्याची शक्यता अधिक. (कडधान्याच्या मुळांवरील उपयुक्त गाठी नखाने सहज सुटतात आणि आतून गुलाबी असतात, सूत्रकृमींची गाठ म्हणजे फुगलेले मूळच, ती वेगळी काढता येत नाही.) येथे पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही बुरशी उपयोगी पडते. जुन्या वेष्टनांवर हिचेच नाव पॅसिलोमायसिस असे असते. ही सूत्रकृमींच्या अंडीपुंजात शिरून अंडी खाते. त्यामुळे मुळात आधीच घुसलेल्या माद्या तिने लगेच संपत नाहीत आणि चालू पिकाच्या गाठी विरत नाहीत. फायदा पुढच्या पिढीची संख्या घटण्यात दिसतो. निंबोळी पेंडीसोबत ती लागवडीपूर्वी द्यावी आणि पुढच्या हंगामात त्या जागी झेंडू घ्यावा.

हुमणीसाठी मेटारायझियम ही बुरशी. तिचे बीजाणू अळीच्या त्वचेला चिकटून आत रुजतात, त्यामुळे अळीने ते खाण्याची गरज नसते. मेलेली अळी कडक होते, तिच्यावर आधी पांढरी बुरशी आणि नंतर शेवाळी हिरवी भुकटी येते. अशा अळ्या उचलून टाकू नयेत, मातीतच राहू द्याव्यात. अळ्या लहान असताना, ओल असलेल्या जमिनीत आणि संध्याकाळच्या वेळी ही बुरशी दिल्यास परिणाम चांगला मिळतो. मोठी झालेली अळी अधिक काळ तग धरते आणि तोवर मुळे कुरतडत राहते, म्हणून तेव्हा नांगरट करून अळ्या वेचण्याला पर्याय नाही.